एक जूनची मुलं

एका गावात एकाच तारखेला किती मुलं जन्माला येऊ शकतील? एक? दोन? जुळं झालं तर तीन? धानोलीच्या शाळेत एक जून ही जन्मतारीख असलेली तब्बल तेवीस मुलं होती. वर्षं वेगवेगळी, तारीख मात्र सगळ्यांची तीच. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणेल, काहीतरीच काय सांगता! पण धानोलीत याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट माणसाला दिसत नाही, ही माणसाची एक वाईट खोड आहे बघा. त्या खोडीपायी काय काय झालं, तेच मला तुम्हाला सांगायचंय. गोष्ट काही फार हसरी नाही, आधीच सांगून ठेवतो.

तर २०६१ सालच्या एक जूनला खरात बाईंनी शाळेत दरवर्षीसारखा मोठ्या पातेल्यात शिरा केला. सुट्टी चालू असली तरी त्या दिवशी बाई सगळ्या वाढदिवसवाल्यांना बोलावून घ्यायच्या. दुर्वा तांदळेने दोनदा शिरा घेतला. "अकरा पूर्ण झाली गं माझी बाय," असं म्हणून बाईंनी तिच्या गालावर हात फिरवला. दुर्वा पाचवी पास होऊन सहावीत जाणार होती. वर्गात उंचीला सगळ्यांत लहान, म्हणून पहिल्या बाकावर. बाकीच्यांचे दुधाचे दात पडून नवे आले होते, हिचे दोन अजून हलतच होते. आणि प्रश्न विचारून विचारून बाईंचं डोकं खायची ती वेगळंच.

ती उड्या मारत घरी आली, तर आप्पा, म्हणजे तिचे वडील सुखदेव, ओट्यावर फोन हातात धरून बसलेले. आई दारात उभी, तोंड उतरलेलं.

"परत एकदा लाव," आई म्हणाली.

आप्पांना वाचायला फारसं येत नव्हतं. घरी आलेली पत्रं फोनच वाचून दाखवायचा. त्याने गोड आवाजात वाचलं: "बालमेंदू अभ्यास केंद्र, धानोली. आपल्या पाल्याच्या मेंदूची वाढ वयाच्या मानाने एक वर्ष सात महिने मागे आढळली आहे. सबब कुमारी दुर्वा सुखदेव तांदळे हिला पंधरा जूनपासून सहावीऐवजी सावली शाळेत दाखल करावे."

सावली शाळा ऐंशी किलोमीटर लांब होती. तिथे जायचं म्हणजे तिथेच राहायचं. ज्यांच्या मेंदूची वाढ मागे आहे त्यांच्यावर ताण नको, म्हणून तिथे गणित नव्हतं, विज्ञान नव्हतं. बिया निवडायच्या, मणी ओवायचे, पाकिटं चिकटवायची. सोळा वर्षांचं झालं की घरी.

"आप्पा, मी मठ्ठ आहे का हो?"

आप्पा स्वतः सावली शाळेतूनच आलेले होते. पहिल्याच तुकडीतले.

"वाईट न्हाई तिथं," ते म्हणाले. "पोटभर जेवायला देतेत. मारत न्हाईत. फक्त कुणी आपल्याला काही विचारीत न्हाई."

आता धानोलीबद्दल थोडं सांगायला हवं. हे बालाघाटच्या डोंगरातलं गाव. इथली माणसं पूर्वी ऊस तोडायला जायची. उसाला यंत्रं आली, ते काम गेलं, आणि माणसं वाळवंटातल्या सौरशेतांवर (जिथे कोसच्या कोस सौरपट्ट्या मांडून उन्हापासून वीज काढतात अशा जागांवर) धूळ पुसायला जाऊ लागली. दिवाळी झाली की टोळ्या निघायच्या, त्या गुढीपाडव्याच्या सुमाराला परत यायच्या. मुलांना तंबूत न्यावं तर ऊन आणि वाळू. म्हणून मुलांना मागे ठेवायला गावात हंगामी वसतिगृह होतं. दुर्वा तिथेच वाढली. तिचा जन्म मात्र सौरशेतावरचा, तंबूतला. तिथे कोण जन्माची नोंद करतंय!

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्वा कुणाला न सांगता थेट अभ्यास केंद्रात गेली. केंद्राचे प्रमुख डॉक्टर अनंत गुळवे. वय बहात्तर, डोक्यावर पांढरं रान, चहा अजून बशीत ओतून पिणारे. तेही धानोलीचेच, ऊसतोड कामगारांचे चिरंजीव. शिकून मोठे झाले आणि शहरात न रमता गावी परतले, म्हणून गावाला त्यांचा केवढा अभिमान! मुलं त्यांना गुळवे आजोबा म्हणायची.

"आजोबा, मला सावलीत जायचं नाही."

गुळवे आजोबांनी बशी खाली ठेवली. ते दुष्ट नव्हते बरं का. दुष्ट असते तर गोष्ट सोपी झाली असती.

"ये, बस इथं. तुला दाखवतो, म्हणजे तुला पटेल," ते म्हणाले. "तू दरवर्षी आमच्या यंत्रात झोपतेस ना? ते एमआरआय यंत्र (शरीर न कापता, चुंबकाच्या जोरावर आतलं चित्र काढणारं यंत्र). त्यातून तुझ्या मेंदूचं चित्र निघतं. हे बघ, तुझंच."

पडद्यावर काळं-पांढरं काहीतरी उमटलं. आक्रोडाच्या गरासारखं.

"मेंदूत बारीक बारीक तंतू असतात. एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला पोचवायचा, हे त्यांचं काम. मूल वाढतं तसं या तंतूंवर मायलिन चढतं (मायलिन म्हणजे तंतूभोवतीचं चरबीचं पातळ वेष्टण). विजेच्या तारेवर रबर असतं ना, तसंच. वेष्टण चढलं की निरोप झपाट्याने जातो. हे काही एका दिवसात होत नाही. जन्मापासून पंचविशीपर्यंत, थोडं थोडं, एकेका भागात चालू असतं."

"मग माझं कमी चढलंय?"

"एकदाच चित्र काढून ते कळत नाही. म्हणून मी दीर्घकालीन अभ्यास केला (त्याच त्या मुलांना वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा मोजत जायचं, असा अभ्यास). पंचवीस वर्षं! अकराशे सेहेचाळीस मुलं! त्यातून ही वाढरेषा काढली."

पडद्यावर एक रेषा उमटली. आडवं वय, उभं मायलिन. रेषा आधी भरभर चढत होती, मग हळू.

"दवाखान्यात जन्मलेली, गावातच राहिलेली मुलं या रेषेवर बसतात. आणि टोळीवाल्यांची मुलं बघ. सगळी खाली. वर्ष-दीड वर्ष मागे. आईबाप सहा सहा महिने लांब, तंबूतलं बाळपण, त्याने मेंदूची वाढ खुंटते. याला मी 'स्थलांतराची छाया' असं नाव दिलं. सरकारने त्यावरूनच सावली शाळा काढली, तुमच्या भल्यासाठी." त्यांनी रेषेखालच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "ही तू."

दुर्वाला रडू आलं. पण तिचा एक गुण होता. ती रडता रडताही विचार करायची.

"आजोबा, हे सगळं तुम्ही कुणाला दाखवलंय?"

"निष्कर्ष छापलेत की! जगभर वाचले गेलेत."

"निष्कर्ष नाही. ही सगळी चित्रं, सगळे आकडे. दुसऱ्या कुणी तपासलेत?"

"नाही," ते जरा कडक आवाजात म्हणाले. "आणि तपासूही देणार नाही. पंचवीस वर्षांपूर्वी देवळापुढे उभं राहून मी गावातल्या आयांना शब्द दिलाय, तुमच्या लेकराचं चित्र या इमारतीबाहेर जाणार नाही. उगीच नाही दिला. दुसऱ्या एका गावच्या केंद्रातून अशी चित्रं बाहेर गेली होती. ती बघून पुढे त्या पोरांना कुणी कामावर घेईना. नाव खोडलं म्हणून काय होतं? डोक्याच्या चित्रात नाक, कपाळ, हनुवटी सगळं उमटतं. त्यावरून चेहरा ओळखता येतो."

हे खरंच होतं. दुर्वालाही ते पटलं. पण मनातलं काही जाईना.

"आमच्या वर्गात आपली वही आपण तपासायची नसते," ती म्हणाली. "शेजारच्याला द्यायची. खरात बाई म्हणतात, आपली चूक आपल्याला दिसत नाही."

"म्हणजे मी चुकलो म्हणतेस?" आजोबांचा पारा चढला. "अगं, तुझ्या बापाच्या जन्माआधीपासून मी मेंदूंचा अभ्यास करतोय!"

"तसं नाही म्हणत आजोबा. पण तुम्ही चुकला नाहीत, हे कुणी बघितलंय?"

गुळवे आजोबा उठले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. आता हाकलून देणार, असं दुर्वाला वाटलं. ती तशीच बसून राहिली. पाच-सात मिनिटांनी ते आत आले तेव्हा त्यांचा राग बराच उतरला होता.

"एक करता येईल," ते म्हणाले. "मुलांची चित्रं नाही पाठवायची. एकाही मुलाची वेगळी नोंदसुद्धा नाही. फक्त माहितीबद्दलची माहिती पाठवायची. म्हणजे मुलं किती, कोणत्या महिन्यात किती जन्मलेली, वय कुठून घेतलं, यंत्र कोणतं, वर्षातून किती वेळा मोजलं. एखाद्या डब्यावर आतल्या जिनसाची चिठ्ठी असते ना, तशी ही चिठ्ठी. डबा उघडायचा नाही. चिठ्ठीवरूनही जाणत्याला पुष्कळ कळतं."

"मग पाठवा की!"

"तुझ्या समाधानासाठी पाठवतो," ते म्हणाले. पण चिठ्ठी तयार करताना त्यांचा हात दोनदा थांबला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांची वही शेजाऱ्याकडे चालली होती.

चौथ्या दिवशी केंद्रातून निरोप आला. आप्पा दुर्वाला एकटीला सोडायला तयार होईनात, तेही निघाले. पण केंद्राच्या दारापाशी आल्यावर त्यांचे पाय थांबले. लहानपणी याच खोलीत त्यांना यंत्रात घातलं होतं. ते चौकटीला टेकून उभे राहिले, आत काही आले नाहीत.

पडद्यावर एक बाई होत्या. मिझोरामच्या डोंगरातल्या, ऐजॉलच्या डॉक्टर लालरिनपुई. त्याही मुलांच्या मेंदूचा असाच अभ्यास करायच्या; आजोबांनी चिठ्ठी त्यांनाच पाठवली होती. त्या त्यांच्या भाषेत बोलायच्या आणि टेबलावरचं दुभाषी यंत्र ते मराठीत सांगायचं.

"डॉक्टर गुळवे, तुमचं काम फार काळजीपूर्वक केलेलं आहे," त्या म्हणाल्या. "मला एकच गोष्ट कळली नाही. तुमच्याकडे सगळी वर्षं मिळून दर महिन्याला साधारण अठ्ठ्याहत्तर मुलं जन्मलेली दिसतात. जूनमध्ये मात्र दोनशे अठ्ठ्याऐंशी. असं का?"

गुळवे आजोबांनी चष्मा पुसून आकडे पाहिले. मग संगणकाला विचारलं. संगणकाने सांगितलं, त्यातली दोनशे बारा मुलं एकट्या एक जूनची.

"अहो, ते आम्हीच!" दुर्वा मोठ्याने म्हणाली. "आम्हा सगळ्यांचा वाढदिवस त्याच दिवशी असतो. बाई शिरा करतात."

आजोबा हसले. "त्यात काही विशेष नाही, बाई. आमच्याकडची ही जुनीच रीत आहे. मुलाची जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी एक जून लिहून टाकतात. जूनमध्ये शाळा सुरू होते, त्या वेळी मूल सहा वर्षांचं पूर्ण दिसायला हवं ना! माझ्यासुद्धा दाखल्यावर एक जूनच आहे. या मुलांचं वय आम्ही शाळेच्या दाखल्यावरून घेतलं. चूक पडली तर दोन-चार महिन्यांची."

पडद्यावरच्या बाईंनी आपल्यासमोरचे आकडे पुन्हा पाहिले.

"दोन-चार महिन्यांचीच पडते, हे तुम्ही मोजून पाहिलंय का?"

गुळवे आजोबांनी मोजलं नव्हतं. अकराशे मुलांचे मेंदू मोजले होते त्यांनी, पण ही एक गोष्ट मोजायची त्यांना कधी सुचलीच नव्हती.

"दोन-चार न्हाई, साहेब," दारातून आवाज आला.

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. आप्पा चौकटीला धरूनच बोलत होते. "वसतिगृहात पहिलीतलंच पोर घ्यायचे. पहिलीत घालायचं तर सहाचं पाहिजे. माझी धाकटी बहीण तिकडं तंबूतच गेली, उन्हानं. तवा आई म्हणली, ह्याला आता न्यायचं न्हाई, काय बी करून ह्याला वसतिगृहात ठिवायचं. मी साडेचारचा होतो. ती गुरुजींच्या पाया पडली. गुरुजींनी सहाचा लिवला. भलंच केलं त्यांनी माझं. आम्ही दुर्वीलाबी तसंच केलं. समद्या टोळीवाल्यांची पोरं तशीच घातलेली हायत."

"सुखदेव," गुळवे आजोबा म्हणाले, "अरे, मग हे मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुमाला म्हाईत असंल असंच वाटलं," आप्पा म्हणाले. "समद्या गावाला म्हाईत हाय. तुम्ही तर गावातलेच. आन विचारलं कुठं कुणी?"

दुर्वाच्या डोक्यात चक्रं फिरत होती. शेजारच्या पडद्यावर वाढरेषा उघडी होती, ती तिच्याजवळ गेली. आडवं वय, उभं मायलिन. तिने आपल्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"आई म्हणते, मी संक्रांतीनंतर झाले, वावटळीत तंबू फाटला तेव्हा. म्हणजे मी अकराची नाहीच. मी सव्वानऊची!" तिने बोट डावीकडे सरकवलं, अकरावरून सव्वानऊवर. बोट नेमकं रेषेवर येऊन थांबलं. "आजोबा, माझं चित्र बरोबर होतं. माझं वय चुकलं होतं! नऊ वर्षांच्या मुलीला तुम्ही अकराच्या रेषेवर उभं केलंत, मग ती मागे दिसणारच ना!"

पडद्यावरच्या बाईंनी हलकेच मान हलवली. दुर्वाला इतका आनंद झाला की तिने टाळीच वाजवली. आणि मग तिचं लक्ष आप्पांकडे गेलं, आणि तिचे हात तसेच राहिले.

"मंग मी?" आप्पांनी विचारलं.

गुळवे आजोबांनी जुनी नोंद काढली. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. सुखदेव लक्ष्मण तांदळे. वय अकरा. वाढ सव्वा वर्ष मागे. शिफारस, सावली शाळा. त्यांनी ठिपका साडेनऊवर आणला. तो रेषेवर थांबला नाही, रेषेच्या थोडा वर गेला.

खोटं बोलणं सोपं होतं त्या वेळी. पण म्हातारा खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं.

"तू मागे नव्हतास, सुखदेव. तू थोडा पुढेच होतास."

आप्पा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते मागे वळले आणि व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसले. पाच वर्षं बिया निवडलेला, मणी ओवलेला, नंतर तेरा हंगाम वाळवंटात काच पुसलेला तो माणूस आपल्या दोन्ही हातांकडे बघत बसला. दुर्वाला गुळवे आजोबांचा असा संताप आला, असा संताप आला, की टेबलावरची बशी उचलून आपटावी असं वाटलं. तिने आपटली नाही. ती जाऊन आप्पांना चिकटून बसली.

पुढचे आठ दिवस केंद्रात नुसती धावपळ होती. नुसत्या बोटाने ठिपका सरकवून विज्ञान होत नाही, पुरावा लागतो. एक जूनच्या सगळ्या मुलांच्या मनगटाचे एक्स-रे काढले (मनगटातली छोटी हाडं ठराविक वयात तयार होतात, त्यांवरून मुलाच्या वयाचा अंदाज बांधता येतो). जी आता मोठी झाली होती, त्यांच्या आयांना जन्म कोणत्या सणाच्या, कोणत्या हंगामाच्या वेळी झाला ते विचारलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच विचारलं! आया भडाभडा सांगू लागल्या. वय दुरुस्त केलं तसे एकेक करून ठिपके रेषेकडे सरकले. स्थलांतराची छाया जवळजवळ नाहीशी झाली. थोडीशी उरली, दोनेक महिन्यांची.

"ही खरी आहे का?" दुर्वाने विचारलं.

"ठाऊक नाही," गुळवे आजोबा म्हणाले. हे दोन शब्द त्यांच्या तोंडून गावाने पहिल्यांदाच ऐकले. "उन्हाने, उपासमारीने असेल, किंवा आमच्या यंत्राचा दोष असेल. दोनशे बारा मुलांवरून एवढा बारीक फरक ओळखता येत नाही. ऐजॉलच्या बाईंच्या अभ्यासातली नऊशे मुलं, इतर केंद्रांची हजारो मुलं, सगळी माहिती एकत्र केली तरच कळेल. म्हणून ती वाटून घ्यायची असते. एकट्याच्या वहीत चूकही लपते आणि खरंही लपतं."

सावली शाळेत यंदा नवीन मुलं घ्यायची नाहीत, असा हुकूम आला. दुर्वाचं पत्र रद्द झालं. पण त्याआधी वीस वर्षांत एकशे एकसष्ट मुलं तिथे गेली होती. त्यांची वर्षं कोणत्या हुकमाने परत येणार होती? गुळवे आजोबांनी एकशे एकसष्ट नावांची यादी हाताने लिहिली. प्रत्येकाच्या घरी जाऊन हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं त्यांनी ठरवलं. पहिलं घर तांदळ्यांचं.

ते आले तेव्हा आईने पाणी दिलं. बसा, असं कुणी म्हणालं नाही. ते उभ्यानेच बोलले.

"सुखदेव, मी चुकलो. ते मी भरून देऊ शकत नाही, आणि तसं म्हणणारही नाही. आता एक विचारायला आलोय, आणि नाही म्हणायचा तुला पुरेपूर हक्क आहे. तुझ्या मेंदूची चित्रं दुसऱ्या केंद्रांना द्यायची परवानगी तू देशील का? चेहऱ्याचा भाग आधी कापून टाकू. नावाऐवजी नुसता आकडा असेल. जो कुणी बघेल त्याने माणूस ओळखायचा प्रयत्न करायचा नाही, असा करार असेल. आणि कधीही मन बदललं तर पुढे कुणाला देणं बंद. शब्द मी तुझ्या आईला दिला होता. तो तोडायचा की नाही, हे मी नाही, तू ठरवायचंस."

त्यांनी कागद पुढे केला. "वाचून दाखवू?"

"नगं," आप्पा म्हणाले. "मी वाचतो."

दोन पानांचा कागद होता. आप्पांनी बोट ठेवून एकेक अक्षर लावायला सुरुवात केली. जोडाक्षरापाशी अडखळायचे, मागे जायचे, पुन्हा लावायचे. दुर्वाच्या ओठांवर शब्द यायचा आणि ती तो गिळायची. चांगला पाऊण तास लागला. तेवढा वेळ गुळवे आजोबा उभेच होते. वाचून झाल्यावर आप्पांनी सही केली.

"चित्रं द्या," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या पोराचं असं होऊ नये. पण साहेब, चूक झाली म्हणून तुम्ही कायतरी छापणार हाव न्हवं?"

"शुद्धिपत्र (आधी छापलेल्या लिखाणातली चूक कबूल करून ती दुरुस्त करणारा मजकूर). हो, छापणार. त्यातही कुणाचं नाव नसेल, काळजी करू नकोस."

"माझं असू द्या."

"अरे, नाव काढतो ते तुमच्याच रक्षणासाठी. उद्या कुणी..."

"चित्रावर आकडा टाका. पण शुद्धिपत्रात नाव पाहिजे," आप्पांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "एवढी वर्सं मी मागं हाय हे माझ्या नावावर लिवलं होतं, साहेब. दाखल्यावर लिवलं, कामाच्या कार्डावर लिवलं. तवा न्हाई कुणी नाव झाकलं. आता ती चूक होती, हेबी माझ्याच नावावर लिवा."

गुळवे आजोबा तिथेच ओट्यावर टेकले. त्यांनी खिशातून कागद काढला, आणि पत्र्याच्या डब्यावर ठेवून सावकाश, मोठ्या सुट्या अक्षरांत लिहिलं:

'सुखदेव लक्ष्मण तांदळे, धानोली. दाखल्यावर वय अकरा असताना यांच्या मेंदूची वाढ सव्वा वर्ष मागे असल्याचे आम्ही नोंदवले होते. ती आमची चूक होती. तेव्हा त्यांचे वय साडेनऊ होते, आणि त्यांची वाढ वयाच्या थोडी पुढेच होती.'

आप्पांनी कागद आपल्याकडे ओढून घेतला आणि पहिल्या अक्षरापासून मोठ्याने वाचायला लागले.